पश्चिमेची भिंत

ठाण्यात कुणी घर घेतलं की चौकशीचा क्रम ठरलेला असतो. कार्पेट किती, कितीला पडलं, स्टेशनला रिक्षा मिळते का. मग पाणी चोवीस तास असतं का, पार्किंग सुटं की स्टॅकमधलं, मेंटेनन्स किती. खोलात जाणारे शेजारी कोण आहेत तेही विचारून घेतात. बेडरूमची भिंत कुठल्या दिशेला येते, ती कशाची बांधलीय, खिडकी प्रत्यक्षात किती उघडते, हे मात्र कुणी विचारताना मी फारसं ऐकलेलं नाही. वास्तूवाले दिशा विचारतात, पण त्यांचा हिशेब वेगळा. स्वयंपाकघर आग्नेयेला आलं म्हणजे त्यांचं काम झालं. मे महिन्यातलं दुपारी चारचं ऊन कुणाच्या उशाशी येणार, हा त्यांचा विषय नाही.

माझी सगळी नोकरी आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढण्यात गेली. आधी टी-स्क्वेअर आणि ट्रेसिंग पेपर, नंतर कॉम्प्युटर. नौपाड्यातल्या दुमजली घरांची दुरुस्ती, पाचपाखाडीतल्या चार मजली सोसायट्या आणि शेवटी घोडबंदर रोडचे टॉवर, असा ठाण्याचा चढता आलेख मी बसल्या जागी काढला आहे. त्यामुळे घरात कुणाचंही फ्लॅट घ्यायचं निघालं की ब्रोशर माझ्याकडे येतं. "मावशी, जरा नजर टाक ना." नजर टाकते. क्लबहाऊस असतं, इटालियन मार्बल असतो, मॉड्युलर किचन असतं. भिंतीबद्दल अक्षर नसतं.

क्षेत्रफळाच्या बाबतीत लोक आता चांगलेच तयार झालेत, आणि त्याचं श्रेय कायद्याला द्यायला हवं. पूर्वी बिल्ट-अप, सुपर बिल्ट-अप अशा शब्दांत जिना, लॉबी, लिफ्टची खोली सगळं तुमच्या माथी मारलं जायचं आणि त्याला 'लोडिंग' असं गोड नाव होतं. २०१६चा रेरा कायदा आला, २०१७ मध्ये महारेरा सुरू झालं आणि विक्री कार्पेटवर आली. कार्पेट म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा. बाहेरच्या भिंती, पाइपांच्या डक्ट, बाल्कनी आणि खुली गच्ची त्यात धरायची नाही, पण हॉल आणि बेडरूममधली आतली भिंत धरायची. म्हणजे त्या भिंतीखालच्या जागेचे पैसे तुम्ही कार्पेटच्याच दराने मोजता. चालायचंच. चटई क्षेत्र निर्देशांक, ज्याला सगळे एफएसआय म्हणतात, तो प्लॉटवर एकूण किती बांधता येईल ते सांगतो. बिल्डरला त्याचा घोर, फ्लॅट घेणाऱ्याला त्याचा संबंध रिडेव्हलपमेंटच्या वेळी येतो. तिकडे शेवटी येतेच.

बाल्कनीबद्दल मात्र इथेच बोलते, कारण ती कार्पेटमध्ये नसल्यामुळे तिची किंमत लोकांच्या लक्षात येत नाही. ठाण्यात ताबा मिळाला की पहिल्या महिन्यात बाल्कनी आत घेतात. हॉल मोठा दिसतो हे खरं. पण ती बाल्कनी म्हणजे हॉलच्या भिंतीवरची सावली होती. वरच्या मजल्याची बाल्कनी तुमच्या दारावर छत्र धरून होती, म्हणून दारापर्यंत ऊन पोचत नव्हतं. तुम्ही कठड्यावर काच बसवली आणि ऊन चार फूट पुढे बोलावून घेतलं. त्यानंतर हॉलला एसी लागतो आणि मग लोक म्हणतात, हल्ली उकाडा फार वाढलाय.

मागच्या उन्हाळ्यात भाची आणि तिचा नवरा घोडबंदर रोडला घर बघत होते. सॅम्पल फ्लॅट बघून दोघं हरखून आले होते. सॅम्पल फ्लॅटमध्ये एसी इतका गार ठेवतात की माणसाला भिंत कुठल्या दिशेला आहे हे सुचूच नये. मी म्हटलं, तोच फ्लॅट, तोच मजला, बांधकाम चालू असलेल्या टॉवरमध्ये जाऊन बघायचा आणि दुपारी चारनंतरच जायचं. सेल्सचा मुलगा जरा कुरकुरला, पण हेल्मेटं देऊन साइटच्या लिफ्टने घेऊन गेला. मास्टर बेडरूमला मोठ्ठी खिडकी, समोर येऊरचा डोंगर. या 'हिल व्ह्यू'चे फुटामागे वेगळे पैसे होते. घोडबंदर रोडला येऊरचा डोंगर दिसतो याचा अर्थ तुमचं तोंड पश्चिमेला आहे, हे त्या दरपत्रकात लिहिलेलं नव्हतं.

भिंतीला हात लावला तर कोमट. मुलगा अभिमानाने म्हणाला, "मॅडम, फुल आरसीसी वॉल आहे. खिळापण जात नाही." खोटं नव्हतं. हल्ली उंच टॉवर ॲल्युमिनियमच्या साच्यात ओततात, साइटवर त्याला सगळे मायवानच म्हणतात. स्लॅब आणि भिंती एकदम काँक्रीटच्या. काम झटपट होतं, भिंत ओळंब्यात येते, प्लास्टरची कटकट नाही, भूकंपालाही घट्ट. उष्णतेच्या बाबतीत मात्र काँक्रीट हा बेफिकीर गडी आहे. जे बाहेरून मिळेल ते आत पोचवतो.

किती पोचवतो याचं माप म्हणजे यू-व्हॅल्यू. एक चौरस मीटर भिंत, आत आणि बाहेर एका अंशाचा फरक, तर किती वॅट उष्णता आरपार जाते तो आकडा. आकडा जितका लहान तितकी भिंत चांगली. सहा इंची काँक्रीटच्या भिंतीचा तो साडेतीनच्या वर जातो. आपली जुनी नऊ इंची विटांची भिंत, दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेली, दोनच्या आसपास असते. आणि आठ इंची सिपोरेक्स, म्हणजे एएसी ब्लॉक, एकच्याही खाली उतरतो, कारण त्या ब्लॉकमध्ये निम्म्याहून जास्त हवाच असते. परदेशी कंपन्यांच्या पत्रकात आर-व्हॅल्यू असते, ती याच्या उलटी: जितकी मोठी तितकी बरी. दोन्हींचा घोळ करून विकणारेही भेटतात, म्हणून कुठली व्हॅल्यू ते आधी विचारावं.

आता इथे एक गोष्ट मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. हे आकडे मुळात थंड देशांत वाढले. तिकडे बाहेर उणे पाच, आत वीस, आणि सगळी धडपड आतली ऊब धरून ठेवायची. आपल्याकडे मे महिन्यातही सावलीतली हवा ३४-३५ अंश, आणि आत आपल्याला २७-२८ पुरतात. फरक सहा-सात अंशांचाच. मग एवढा जीव का जातो? कारण भिंतीला हवा तापवत नाही, ऊन तापवतं. गडद रंगाच्या पश्चिमेच्या भिंतीचा बाहेरचा पृष्ठभाग दुपारी हवेपेक्षा पंधरा-वीस अंशांनी सहज वर जातो. यू-व्हॅल्यूला गुणायचा तो हा फरक. म्हणून ठाण्यात इन्सुलेशनच्या आधी दोन प्रश्न विचारायचे: ऊन पडतं का, आणि रंग कुठला? टॉवरला काळपट करडा आणि चॉकलेटी रंग देण्याची जी फॅशन निघाली आहे ती कुणी काढली मला माहीत नाही, पण तो माणूस पश्चिमेच्या खोलीत झोपत नसणार.

पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण यांत फरक का पडतो तेही एकदा समजून घ्यावं. ठाणे १९ अंश उत्तर अक्षांशाच्या जरासं वर आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. पण मेच्या मध्यावर तो दुपारी बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणून शाळेतली मुलं काठ्या रोवून बघतात तो हाच, आणि तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य चक्क किंचित उत्तरेला असतो. दक्षिणेच्या भिंतीला उन्हाळ्यात जवळजवळ ऊनच नसतं. दीड-दोन फुटांचा छज्जा तिला पुरतो. पश्चिमेचं तसं नाही. चार-पाच वाजता सूर्य इतका खाली उतरलेला असतो की छज्जा कितीही काढा, ऊन त्याच्या खालून आत शिरतं. तिथे उभी आडोशाची वस्तूच लागते: जाळी, उभ्या पट्ट्या, बाहेर सोडलेली बांबूची चिक, नाहीतर समोर एखादं झाड. आतून लावलेल्या जाड पडद्याने अंधार होतो, गारवा नाही. ऊन काचेतून आत येऊन पडद्यावर पडलं म्हणजे खोलीत आलंच की.

काचेचं वेगळं माप आहे, एसएचजीसी. पडलेल्या उन्हातली किती उष्णता आत येते त्याचा हिस्सा. साध्या पारदर्शक काचेचा ०.८च्या आसपास, म्हणजे शंभरातले ऐंशी आत. चांगल्या कोटिंगच्या काचा ०.३ पर्यंत खाली आणतात. भाचीच्या नवऱ्याला डबल काचेचं फार आकर्षण होतं. "युरोपात सगळीकडे असते ना, मावशी." असते, आणि रस्त्याचा आवाज कमी करायला ती इथेही उत्तम, घोडबंदर रोडला ट्रक रात्रभर चालतात, तेव्हा जरूर घ्यावी. पण दोन्ही काचा साध्या असल्या तर ऊन दोन्हींतून जवळजवळ तसंच येतं. पैसे एसएचजीसीवर घालावेत, काचांच्या संख्येवर नव्हे.

खिडकीचं दुसरं काम वारा. हवामानाच्या वर्गवारीत आपला पट्टा 'उष्ण आणि दमट'. नागपूरची माझी नणंद दर उन्हाळ्यात विचारते, तुम्ही कूलर का नाही लावत? तिच्याकडे हवा कोरडी, पाणी भराभर उडतं आणि उडताना गारवा देतं. आपल्या हवेत आधीच इतकी वाफ असते की कूलर लावला तर खोलीची मोरी होईल. इथे घाम वाळवायला वाराच हवा. दिवसा समुद्रावरून खारे वारे येतात, मुंबईच्या बाजूने, म्हणजे पश्चिमेकडूनच. ज्या दिशेने ऊन त्याच दिशेने वारा, ही ठाण्याच्या घराची खरी गोम आहे. पश्चिमेला नुसती आंधळी भिंत घालून चालत नाही. ऊन अडवायचं आणि वारा घ्यायचा, हे दोन्ही एकाच भोकातून जमवायचं.

केंद्र सरकारने २०१८ साली 'इको-निवास संहिता' काढली, राहत्या इमारतींसाठी ऊर्जेचे नियम. त्यात मला सगळ्यात आवडलेला नियम हाच आहे: दमट पट्ट्यात खिडक्यांचा उघडणारा भाग कार्पेटच्या निदान एक षष्ठांश असावा. 'उघडणारा' हा शब्द महत्त्वाचा. हिशेब अख्ख्या घराचा करतात, पण समजायला एक खोली घेऊ. दहा बाय बाराची बेडरूम, १२० चौरस फूट, म्हणजे वीस चौरस फूट उघडायला हवेत. पाच बाय चारची खिडकी बसते की बरोबर. पण ती सरकती असेल तर एकावेळी निम्मीच उघडते, दहा फूट. डासांची जाळी लावली की त्यातूनही वारा गाळून येतो. जुन्या दोन झडपांच्या खिडक्या पूर्ण उघडत. त्या का गेल्या, तर ग्रिल बाहेर आलं, झडपा आपटायच्या, आणि सरकती खिडकी बिल्डरला सोपी पडते. टॉवरच्या विसाव्या मजल्यावर झडप सोसाट्याच्या वाऱ्यात धोक्याची हेही खरं. पण पाचव्या-सहाव्या मजल्यावर काय हरकत आहे?

त्याच संहितेत आरईटीव्ही नावाचा आणखी एक आकडा आहे. सगळ्या बाहेरच्या भिंती, काचा, दिशा आणि छज्जे धरून आत किती उष्णता शिरते त्याचा एकत्र हिशेब, दर चौरस मीटर १५ वॅटपेक्षा जास्त नको. आणि गच्चीच्या स्लॅबची यू-व्हॅल्यू १.२ पेक्षा जास्त नको. सेल्स ऑफिसात विचारून बघा. भाचीने विचारलं. मुलाने आधी मॅनेजरकडे पाहिलं, मॅनेजरने आर्किटेक्टकडून मेल करतो म्हणून सांगितलं. मेल अजून यायची आहे. इमारतीला हिरवं सर्टिफिकेट असेल, आयजीबीसी किंवा ग्रिहा (GRIHA) या संस्थांचं, तरी त्यात पाणी, कचरा, झाडं, सायकल पार्किंग अशा सगळ्याचे गुण मिळून एक रेटिंग येतं. तुमच्या बेडरूमची भिंत त्यात कितीशी धरलीय ते वेगळं विचारावं लागतं.

शेवटी त्यांनी त्याच टॉवरमधला पूर्वेचा फ्लॅट घेतला. व्ह्यूचे पैसे वाचले. आता पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत म्हणून तिची कटकट असते, आणि तीही खरी आहे. चार महिने ओल असणाऱ्या गावात उन्हाला सरसकट शत्रू ठरवून भागत नाही.

एसीवर फार लिहीत नाही, दुकानदार पुष्कळ सांगतात. एवढंच की टन म्हणजे वीज नव्हे, एसी दर तासाला किती उष्णता बाहेर फेकतो त्याचं माप. एक टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट. चांदण्यांच्या स्टिकरवर आयएसईईआर नावाचा आकडा असतो, तो वाचावा. वर्षभरात किती उष्णता काढली भागिले किती वीज खाल्ली. पाच असेल तर एका युनिटमध्ये पाच युनिट उष्णता बाहेर. चांदण्यांचे निकष बीईई, म्हणजे केंद्र सरकारची ऊर्जा कार्यक्षमतेची संस्था, दर काही वर्षांनी कडक करते, त्यामुळे आजचा पाच चांदण्यांचा एसी पुढच्या तक्त्यात चारवर येऊ शकतो. म्हणून चांदण्यांसोबत स्टिकरवरचा काळही बघायचा. स्टिकरवरची वार्षिक युनिटं १६०० तासांची धरलेली असतात. आपल्याकडे मार्चपासून जूनपर्यंत रात्रभर आणि ऑक्टोबरात पुन्हा, असं चाललं तर तास जुळवून घ्यावे लागतात. आणि २०२० पासून नवे एसी सुरू होताना २४ वर सुरू होतात, त्यामागेही बीईईच आहे. दर अंश वर गेलं की साधारण ६ टक्के वीज वाचते, असं तीच सांगते. २६ वर एसी आणि डोक्यावर पंखा, ही आमच्या घरातली तडजोड. पंखा मात्र बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा. जुना पंखा ७५ वॅट खातो, हा तीसच्या आसपास. चोवीस तास फिरणाऱ्या वस्तूत हा फरक बिलात लगेच दिसतो.

बिलावरून आठवलं. महावितरणच्या बिलात वीज आकार टप्प्यांनी लागतो: पहिली शंभर युनिटं, मग तीनशेपर्यंत, मग पाचशेपर्यंत, मग त्यापुढे. तीनशे ओलांडले की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो, असं आमच्या जिन्यात निम्मे लोक ठामपणे सांगतात. तसं नाही. वरचा दर वरच्या युनिटांनाच. पण याचा दुसरा अर्थ असा की वाचवलेलं युनिट नेहमी तुमचं सगळ्यात महागडं युनिट असतं. शिवाय स्थिर आकार, वहन आकार आणि वर १६ टक्के वीज शुल्क. बिलावर मंजूर भारही लिहिलेला असतो. जुन्या घरात तीन एसी आणि गिझर चढवताना तो एकदा बघावा, वायरिंग किती जुनं आहे तेही. एमसीबी वायर वाचवते. माणूस वाचवायला आरसीसीबी लागतो, ३० मिलिअँपची गळती झाली की प्रवाह तोडणारा. जुने वायरमन त्याला ईएलसीबी म्हणतात. बाथरूमला गिझर आहे आणि हा नाही, अशी घरं ठाण्यात अजून खूप आहेत.

आता माझं घर. पाचपाखाडीत, तळमजला अधिक चार, आणि आम्ही चौथ्या मजल्यावर. म्हणजे डोक्यावर गच्ची. गच्चीखाली राहणाऱ्याला यू-व्हॅल्यू शिकवावी लागत नाही. नुसत्या काँक्रीटच्या स्लॅबची ती तीनच्या वर असते. संहितेला हवी १.२. त्यात स्लॅबला तापायला वेळ लागतो आणि निवायलाही. गॅस बंद केल्यावर तव्यावर शेवटची पोळी भाजून निघते ना, तसं. दुपारी खाल्लेलं ऊन रात्री नऊ-दहाला खाली उतरतं, नेमकं आपण अंथरूण घालतो तेव्हा. याला टाइम लॅग म्हणतात. रात्री बंद असणाऱ्या ऑफिसला तो सोयीचा, घराला नाही.

गच्चीवर कोबा आहे. पहिला कोबा घातला तेव्हाचा गवंडी मला अजून आठवतो. विटांचे तुकडे एकेक भिजवून, पाइपच्या तोंडाकडे उतार धरून बसवत होता, मधे मसाला. कठड्याला भिडतो तिथे हाताने गोलाई देऊन वाटा काढला, वर सिमेंट घोटून दोरी मारून चौकोन पाडले, आणि मग गच्चीवर पाणी कोंडून ठेवलं. विटेच्या पोकळ्यांमुळे हा कोबा थोडीफार उष्णताही अडवतो. गळती थांबवायला इतकं भरवशाचं काम क्वचित बघितलंय. पण पुढे गळायला लागल्यावर पहिला न काढता त्याच्यावर दुसरा घालायची पद्धत पडली, आणि ती वाईट. चार-पाच इंची कोबा दर चौरस मीटरला दोनशे किलोच्या वर भरतो. गच्चीवर माणसं वावरतील म्हणून डिझाइनमध्ये धरलेला भार दीडशे किलो असतो. कायमच्या वजनाला डेड लोड म्हणतात. ते तिथून हलत नाही. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे इमारत पंधरा वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी आणि तिशीनंतर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. त्या ऑडिटरला गच्चीवर कोब्याचे थर किती आहेत ते आपणहून सांगावं.

उकाड्यावर सगळ्यांत स्वस्त उपाय पांढरा रंग. जुन्या गच्च्यांवर फुटक्या पांढऱ्या टाइल्सची चायना मोझॅक असायची, तिचं हेच काम. आता उष्णता परतवणारे रंग मिळतात, डब्यावर एसआरआय लिहिलेला असतो. जितका जास्त तितकं ऊन परत. आमचे शेजारी चुन्यात फेविकॉल कालवून दोन हात मारतात. मेमध्ये फरक पडतो, सप्टेंबरात गच्ची शेवाळाने हिरवी. दुसरा ठाणेकर उपाय पत्र्याची शेड. लोकांना ती पावसासाठी हवी असते, पण उन्हासाठी ती जास्त चांगली, अट एकच: बाजू उघड्या हव्यात, म्हणजे पत्र्याखाली तापलेली हवा निघून जाईल. महापालिकेची परवानगी आणा, उंचीचा नियम पाळा, आणि चारी बाजूंनी बंद करून तिथे कॅरम खेळायची खोली करू नका. आमच्याकडे तिसरी गोष्ट कुणी ऐकली नाही.

मग सौरऊर्जेचा विषय निघाला. २०२४च्या सूर्यघर योजनेत बंगल्याला तीन किलोवॅट आणि त्यापुढे ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. सोसायटीला सामाईक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, किलोवॅटमागे १८ हजार. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट विनासावलीची जागा लागते आणि रोज सरासरी चार युनिटं मिळतात, पावसात बरीच कमी. नेट मीटरिंग म्हणजे दिवसा जास्तीची वीज महावितरणकडे जाते आणि बिलात वळती होते. पॅनेलखालचा स्लॅब सावलीत राहतो हा आमचा चौथ्या मजल्याचा छुपा फायदा. तो मी सभेत बोलले नाही. तळमजल्याच्या काकांनी तो बरोबर ओळखला. शिवाय शेजारी बावीस मजली टॉवर उभा राहतोय, त्याची सावली दुपारनंतर आमच्या गच्चीवर पडणार. एका माळेतल्या एका पॅनेलवर सावली पडली तरी सबंध माळेचं उत्पादन खाली येतं, हे मी सांगितलं, तर कुणीतरी म्हणालं, "मग सावली पडणारच आहे तर तुमची गच्ची आपोआप गार होईल की!"

आणि सगळ्याला पुरून उरणारं वाक्य: रिडेव्हलपमेंट होणारच आहे, आता खर्च कशाला? या एका वाक्यावर आमच्या गच्चीचा रंग, पाण्याचा पंप आणि लिफ्टची दोरी गेली कित्येक वर्षं अडून बसली आहे. आता खरंच हालचाल आहे. बिल्डरकडे द्यायची मागण्यांची यादी करायला सभा बोलावली. जास्तीचं कार्पेट किती टक्के, कॉर्पस किती, भाडं किती, पार्किंग किती, यावर रात्रीचे साडेदहा वाजले. मग मी उठून तीन मागण्या वाचल्या: पश्चिमेच्या भिंती सिपोरेक्सच्या किंवा काँक्रीटवर बाहेरून इन्सुलेशन, दहाव्या मजल्यापर्यंत पूर्ण उघडणाऱ्या खिडक्या, गच्चीच्या स्लॅबची यू-व्हॅल्यू करारात आकड्याने लिहायची. चेअरमन साहेब म्हणाले, वहिनी, हे टेक्निकल आहे. काका म्हणाले, एसीचे पॉइंट प्रत्येक खोलीत मागून घ्या म्हणजे झालं. सेक्रेटरींनी दोन्ही सूचना मान्य केल्या. एसीचे पॉइंट 'सुविधा' या सदरात गेले, आणि माझ्या तिन्ही मागण्या 'इतर' मध्ये, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांच्या खाली.